‘कशावरून म्हणतोस?’ : अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधला इंग्रजीचा तास

प्रस्तावना

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत मुलांच्या गणिताकडे आईवडील स्वतः लक्ष देतात. अपूर्णांक असोत की बीजगणित, वही उघडली की मूल कुठे अडलं आहे ते कळतं आणि शेजारी बसून समजावता येतं. विज्ञानाचंही तसंच. इंग्रजीचं मात्र तसं होत नाही. मूल सहावीत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये जातं आणि वेळापत्रकात ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ किंवा नुसता ‘ईएलए’ नावाचा तास दिसू लागतो. अनेक शाळांत त्याला धड्यांचं क्रमिक पुस्तक नसतं. दप्तरात एखादी कादंबरी आणि एक वही असते, बाकी सगळं क्रोमबुकवर. धड्याखाली स्वाध्याय नसतो, कवितेचा अर्थ कोणी लिहून दिलेला नसतो, पाठांतर नसतं. काही ठिकाणी प्रगतिपत्रकात मार्कांच्या जागी ‘आर.एल. ६.१’ अशी खूण आणि तिच्यापुढे १ ते ४ मधला एक आकडा असतो. मग घरात प्रश्न पडतो, की या तासाला मुलं नेमकं शिकतात तरी काय?

त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. मी मिडल स्कूलमध्ये हा विषय शिकवते आणि माझं स्वतःचं शालेय शिक्षण महाराष्ट्रात, मराठी माध्यमात झालं. त्यामुळे पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सला समोर बसलेल्या मराठी आईवडिलांचा गोंधळ मला आतून कळतो. ते विचारतात, “स्पेलिंग सुधारायला काय करू? व्याकरणाचं कोणतं पुस्तक आणू?” प्रश्न कळकळीचे असतात, पण रोख चुकीच्या जागी असतो. स्पेलिंग आणि व्याकरण या विषयात आहेतच. पण ते त्याचा गाभा नव्हेत. गाभा आहे एका साध्या प्रश्नात : ‘कशावरून म्हणतोस?’ अकरा ते चौदा या वयातल्या मुलाला स्वतःचं मत असावं, ते वाचलेल्या मजकुरातून आलेलं असावं, आणि ते त्याला पुराव्यानिशी मांडता यावं, यासाठी मिडल स्कूलची ही तीन वर्षं खर्च होतात. हे एकदा ध्यानात आलं की सगळ्या खुणा, रुब्रिक (गुण देण्याचे निकष) आणि असाइनमेंटचा अर्थ लागू लागतो. म्हणून पुढच्या प्रकरणांत शिरण्याआधी या विषयाची ओळख थोडी पाल्हाळाने करून देते.

विषय घडला कसा

प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांच्या मधल्या वयासाठी वेगळी शाळा असावी, हा विचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९०९ साली सुरू झालेली ज्युनियर हायस्कूल ही या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. सहावी ते आठवीची आजची मिडल स्कूल त्यानंतरची. तिचा प्रसार १९६० नंतर झाला. इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश, १९११ साली शिकागोत स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागे एक असंतोष होता. कॉलेजप्रवेशासाठी ठरलेल्या पुस्तकांच्या याद्या खालच्या वर्गांवर लादल्या जात होत्या, आणि मुलं कोण आहेत, त्यांना काय भिडतं, याचा त्यात विचार नव्हता. शिक्षकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ‘पुस्तक महत्त्वाचं की वाचणारं मूल?’ हा तेव्हाचा वाद आजही या विषयात जिवंत आहे.

या वादाला १९३८ साली लुईझ रोझेनब्लॅट यांनी ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ या पुस्तकातून नवं वळण दिलं. अर्थ पुस्तकात बंद करून ठेवलेला नसतो, वाचक आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीतून तो घडतो, अशी त्यांची मांडणी. म्हणजे मुलाच्या प्रतिक्रियेला किंमत आहे, पण तिला मजकुराचा आधार हवा. पुढे १९७० च्या दशकात डोनाल्ड मरी यांच्यासारख्या लेखक-शिक्षकांनी लेखनाच्या शिक्षणाची दिशा बदलली. तयार निबंधावर लाल शाईने खुणा करण्यापेक्षा तो लिहिला जात असताना शिक्षकाने मदत करावी, असा त्यांचा आग्रह. मेन राज्यात आठवीला शिकवणाऱ्या नॅन्सी ॲटवेल यांनी १९८७ साली ‘इन द मिडल’ हे पुस्तक लिहिलं आणि मुलांनी स्वतः पुस्तकं निवडावीत, स्वतः विषय निवडून लिहावं, ही पद्धत हजारो वर्गांत पोचवली. २०१५ साली पहिला ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. हाच पुरस्कार २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाला, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

आजच्या अभ्यासक्रमाचा सांगाडा मात्र २०१० सालचा आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘कॉमन कोअर’ नावाची शैक्षणिक मानकं प्रसिद्ध झाली आणि चाळीसहून अधिक राज्यांनी ती स्वीकारली. टेक्सास आणि व्हर्जिनिया यांनी आपापली मानकं कायम ठेवली, इंडियाना २०१४ मध्ये बाहेर पडलं, फ्लोरिडाने २०२० मध्ये स्वतःची नवी आणली. बऱ्याच राज्यांनी नाव बदललं आणि मजकुरात थोडी डागडुजी केली. तरी कॉमन कोअरवर बेतलेल्या कोणत्याही राज्याची मानकं उघडून बघा, सहावी ते आठवीचा आराखडा बराचसा सारखाच दिसतो : वाचन, लेखन, बोलणं-ऐकणं आणि भाषा असे चार भाग. वाचनाचे पुन्हा दोन पोटभाग, एक साहित्याचा आणि एक माहितीपर मजकुराचा. प्रगतिपत्रकातल्या ‘आर.एल. ६.१’चा उलगडा इथे होतो : साहित्याचं वाचन, सहावी, मानक पहिलं.

एक गोष्ट इथेच नीट समजून घ्यावी. मानकं कौशल्यं सांगतात, पुस्तकं नेमून देत नाहीत. महाराष्ट्रात बालभारतीचं एक पुस्तक राज्यभरातली मुलं एकाच वर्षी वाचतात, तसं इथे नाही. कोणती कादंबरी वाचायची ते डिस्ट्रिक्ट ठरवतो, कुठे शाळा, कुठे शिक्षक. म्हणून एडिसनमधल्या मुलीची यादी डॅलसमधल्या तिच्या मावसभावाच्या यादीशी जुळली नाही, तर त्यात काळजीचं काही नाही.

वाचन : एक गोष्ट, तीन इयत्ता

मानकांतलं पहिलंच मानक तीन इयत्तांत कसं चढत जातं, ते बघण्यासारखं आहे. सहावीच्या मुलाने मजकुरातला पुरावा द्यायचा. सातवीच्या मुलाने एकाहून अधिक पुरावे द्यायचे. आठवीच्या मुलाने त्यांतला सर्वांत भक्कम कोणता ते ठरवायचं. वाचायला सोपं वाटतं, पण वर्गात याचा कस लागतो.

लँगस्टन ह्यूज यांची ‘थँक यू, मॅम’ ही १९५८ सालची कथा मिडल स्कूलमध्ये फार ठिकाणी शिकवली जाते. रात्री अकराच्या सुमाराला रॉजर नावाचा पोरगा एका धिप्पाड बाईची पर्स हिसकावायला जातो. पट्टा तुटतो, तो तोल जाऊन पडतो, आणि ती बाई त्याला धरून थेट आपल्या खोलीवर नेते. तोंड धुवायला लावते, जेवू घालते, आणि ज्या निळ्या बुटांसाठी तो चोरी करणार होता त्यांच्यासाठी दहा डॉलर हातावर ठेवते. एवढीच गोष्ट. मी वर्गात विचारते, “रॉजर बदलला का?” सगळे हात वर होतात, “हो!” मग पुढचा प्रश्न, “कशावरून?”

इथे खरं वाचन सुरू होतं. कोणी म्हणतं, त्याला शेवटी आभार मानायचे होते. कोणी म्हणतं, दार उघडं असूनही तो पळाला नाही. एखादी शांत मुलगी मागच्या बाकावरून सांगते, की बाई स्वयंपाक करत होती तेव्हा पर्स पलंगावर तशीच पडलेली होती, आणि रॉजर मुद्दाम खोलीच्या पलीकडच्या बाजूला, पर्सपासून दूर, तिला सहज दिसेल अशा जागी जाऊन बसला. वर्ग थबकतो. आभार मानणं तोंडदेखलंही असू शकतं. न पळण्यामागे भीती असू शकते. पण आपल्यावर कोणी संशय घेऊ नये असं चोराला वाटणं, हा बदल आतला आहे. तिन्ही पुरावे खरे आहेत, त्यांतला हा सर्वांत भक्कम. हे कळलं की आठवीचं मानक त्या मुलांनी गाठलं, आणि माणूस कसा वाचावा हेही थोडं कळलं.

साहित्याच्या भागात कथा, कादंबरी, कविता, नाटक हे सगळं येतं. लॉइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) आणि एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ (१९६७) या कादंबऱ्या अनेक शाळांत वाचल्या जातात. दुसरीचं बरंचसं लेखन हिंटन यांनी स्वतः हायस्कूलमध्ये असताना केलं, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. ॲन फ्रँकच्या डायरीवर आधारित नाटक वर्गात भूमिका वाटून वाचतात. पात्रं, कथानक, आशयसूत्र हे आपल्या ओळखीचे शब्द इथेही आहेत. त्यांत भर पडते ती निवेदकाच्या दृष्टिकोनाची, प्रसंगाच्या बांधणीची, आणि पुस्तक व त्यावरचा चित्रपट यांच्या तुलनेची. सातवीत ऐतिहासिक कादंबरी आणि त्याच काळाचा इतिहास शेजारी ठेवून वाचतात. वीरा हिरानंदानी यांची ‘द नाइट डायरी’ (२०१८) ही फाळणीवरची कादंबरी अशा तुलनेला फार उपयोगी पडते. ज्या घरात १९४७ च्या आठवणी आजीआजोबांकडून आलेल्या असतात, तिथल्या मुलाला वर्गात सांगण्यासारखं बरंच असतं.

माहितीपर मजकुराचा भाग आईवडिलांना कमी ठाऊक असतो, आणि मला तो तितकाच मोलाचा वाटतो. यात भाषणं, लेख, आत्मचरित्रं, वैज्ञानिक निबंध येतात. फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ सालचं आत्मकथन त्यातलं एक. गुलामगिरीत जन्मलेल्या या मुलाला बॉल्टिमोरमध्ये मालकीण मुळाक्षरं शिकवू लागते आणि मालक ते बंद पाडतो, कारण वाचायला शिकलेला गुलाम गुलाम राहणार नाही हे तो ओळखून असतो. तो मुलगा मग रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकतो. हे वाचताना बारा-तेरा वर्षांची मुलं गंभीर होतात. मराठी आईवडिलांनी या वेळी घरी एक गोष्ट जरूर सांगावी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली आहे. पुण्यातल्या एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी हा धागा जोडून ठेवला. तो आपल्या मुलांच्या हाती देणं आपलं काम आहे.

याच भागात आठवीपर्यंत मुलं आणखी एक गोष्ट शिकतात : एकाच विषयावरचे दोन परस्परविरोधी लेख वाचून मतभेद नेमका कुठे आहे ते शोधायचं. तो तथ्यांविषयी आहे की तथ्यांच्या अर्थाविषयी? लेखकाने दिलेला पुरावा मुद्द्याला धरून आहे का, आणि पुरेसा आहे का? व्हॉट्सॲपवर आलेला कोणताही मजकूर पुढे ढकलण्याआधी मोठ्यांनी स्वतःला हेच प्रश्न विचारले पाहिजेत.

लेखन : मत, बाजू, प्रतिपक्ष

लेखनाचे तीन प्रकार आहेत : युक्तिवाद, माहिती किंवा स्पष्टीकरण, आणि कथन. आपल्या वेळच्या ‘पावसाळ्यातला एक दिवस’ किंवा ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ यांच्याशी जवळचं नातं तिसऱ्याचं. पण भर पहिल्या दोनांवर असतो. सहावीत मुलाने एक विधान करायचं, त्याला कारणं आणि पुरावे जोडायचे, शेवट करायचा. सातवीत त्याला विरुद्ध मताचीही दखल घ्यावी लागते. आठवीत ते विरुद्ध मत आणि आपलं मत यांतला फरक स्पष्ट करून दाखवावा लागतो. शाळेची वेळ उशिरा असावी, असं लिहिणाऱ्या मुलाला मग पालकांच्या कामाच्या वेळा, बसच्या फेऱ्या, संध्याकाळचे खेळ यांचा विचार करणं भाग पडतं. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही शिस्त तेराव्या वर्षी अंगी बाणली तर ती जन्मभर पुरते.

या वयाचं मूल खरोखर असं लिहू शकतं का, अशी शंका कोणाला आली तर आपल्याच इतिहासात उत्तर आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने शाळकरी वयात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ युक्तिवाद तिने त्यात केला आहे. विधान आहे, कारण आहे, स्वतःच्या समाजाच्या जगण्यातला पुरावा आहे, आणि प्रतिपक्षाला तोंडावर विचारलेला प्रश्न आहे. मिडल स्कूलच्या कोणत्याही रुब्रिकवर हा निबंध वरच्या श्रेणीत बसेल.

लेखन एका बैठकीत संपत नाही. आधी टिपणं, मग कच्चा मसुदा, मग एकमेकांचे मसुदे वाचून सूचना, मग सुधारणा, आणि अगदी शेवटी स्पेलिंग-विरामचिन्हं. आईवडील इथे उलट्या क्रमाने घुसतात. कच्चा मसुदा दिसताच स्वल्पविराम सुधारतात, काही जण वाक्यंच बदलून देतात. हेतू चांगला असतो, पण मुलाच्या हातून काम काढून घेतलं जातं आणि शिक्षकाला त्याची खरी पातळी कळत नाही. आपल्यापैकी अनेकांनी गाइडमधले निबंध पाठ करून परीक्षेत उतरवले आहेत; परीक्षाच तशी होती. इथे दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून लिहिणं हा गंभीर गुन्हा मानला जातो, आणि मूळ स्रोताचा उल्लेख कसा करायचा हे सहावीपासून शिकवतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं तेव्हापासून हा प्रश्न आणखी अवघड झाला आहे. अनेक शिक्षक आता पहिला मसुदा वर्गातच, कागदावर लिहून घेतात. मला ते योग्य वाटतं. लिहिणं म्हणजे विचार करणं, आणि तो विचार मुलाने स्वतः केला पाहिजे.

बोलणं, ऐकणं आणि भाषा

चर्चेत भाग घेणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि त्याला गुण असतात. मुलं गोल करून बसतात, शिक्षक बाजूला राहतात. दुसऱ्याचं बोलणं धरून पुढे जायचं, असहमती नीट शब्दांत मांडायची, नवा पुरावा समोर आला तर मत बदलायचं, हे सगळं यात येतं. आपल्या घरांतली मुलं हुशार असूनही इथे मागे राहताना मी पाहते. मोठ्यांसमोर उलट बोलू नये हा संस्कार घरातून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही. पण मत मांडणं आणि उद्धटपणा करणं यांतला फरक मुलांना घरीच समजावून सांगावा लागेल. जेवणाच्या टेबलावर त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तर वर्गात त्यांचा आवाज आपोआप फुटेल.

व्याकरण तीन वर्षांत वाटलेलं आहे. सहावीत सर्वनामांची रूपं आणि कोणतं सर्वनाम कोणासाठी आलं आहे ते स्पष्ट ठेवणं. सातवीत वाक्यांश आणि उपवाक्यं, आणि विशेषण-वाक्यांश भलत्या जागी लोंबकळू न देणं. आठवीत धातुसाधितं, कर्तरी-कर्मणी प्रयोग आणि क्रियापदाचे अर्थ. हे सगळं लेखनाच्या ओघात शिकवावं की स्वतंत्रपणे, यावर शिक्षकांत एकमत नाही. माझं मत असं, की थोडं स्वतंत्रपणे शिकवावं आणि लगेच मुलाच्या स्वतःच्या परिच्छेदात वापरायला लावावं. शब्दसंग्रहासाठी ग्रीक-लॅटिन धातू, उपसर्ग आणि प्रत्यय शिकवतात. आहार, विहार, प्रहार, संहार ही मालिका ज्यांनी शाळेत गिरवली, त्यांना ही रीत नवी नाही. शब्दांच्या छटाही शिकवतात : तोच स्वभाव एकाला काटकसरी म्हणून सांगता येतो आणि दुसऱ्याला कंजूष म्हणून, आणि लेखकाने कोणता शब्द निवडला यावरून त्याची भूमिका कळते.

स्पेलिंग बीविषयी दोन शब्द. बालू नटराजन १९८५ साली राष्ट्रीय स्पर्धा जिंकले, तेव्हापासून भारतीय कुटुंबांत तिचं मोठं आकर्षण आहे. मुलाला आवड असेल तर जरूर भाग घेऊ द्या. पण त्या यशावरून त्याचं ईएलए चांगलं आहे असं ठरवू नका. अवघड शब्द अचूक लिहिणारी मुलं एका साध्या गोष्टीतलं मर्म सांगताना अडखळलेली मी पाहिली आहेत.

अडचणी आणि वाद

या विषयाचं सगळं छान चाललं आहे, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या २०२४ च्या वाचनचाचणीत आठवीची सुमारे एक तृतीयांश मुलं ‘बेसिक’ या पातळीच्याही खाली होती. चाचण्यांच्या दडपणामुळे अनेक शाळांत पूर्ण कादंबरीऐवजी उताऱ्यांवर काम चालतं. उताऱ्यातून पुरावा शोधायचं तंत्र येतं, पण तीनशे पानं एका पात्राबरोबर राहण्याचा अनुभव मिळत नाही, आणि तो मिळाला नाही तर वाचनाची गोडी लागत नाही. पूर्ण पुस्तकं वाचून घ्यावीत, या बाजूने मी ठामपणे उभी आहे.

कोणती पुस्तकं वर्गात असावीत यावर अनेक राज्यांत तीव्र वाद चालू आहेत. काही पुस्तकं ग्रंथालयांतून काढली गेली. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलेल्या एका लेखात पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटलं : मुलाला पुस्तकात स्वतःचं जगही दिसावं आणि दुसऱ्याचंही. मराठी मुलांसाठी असे आरसे फार थोडे आहेत, पण आहेत. मिशिगनमध्ये वाढलेल्या सुप्रिया केळकर यांची ‘अहिंसा’ (२०१७) ही १९४२ च्या आंदोलनाच्या काळातली कादंबरी त्यांच्या पणजी, नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्यापासून स्फूर्ती घेऊन लिहिलेली आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात असं पुस्तक नसेल तर मागणी करता येते. स्कूल बोर्डाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. तिथे जाऊन आपलं म्हणणं मांडणं, हीदेखील पुराव्यानिशी बोलण्याचीच संधी आहे.

सहावी-सातवीत थेट पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. प्रवेशाच्या वेळी ‘घरात कोणती भाषा बोलता’ असा एक फॉर्म भरून घेतात. मराठी लिहिलं तर इंग्रजीची एक चाचणी होऊ शकते, आणि मूल ‘मागे टाकलं’ जाईल या भीतीने काही पालक इंग्रजी असं लिहून मोकळे होतात. असं करू नये. चाचणीत मदतीची गरज दिसली तर ती मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि गरज नसेल तर ते नेहमीच्या वर्गात बसतं. मराठी ही लपवण्याची गोष्ट नाही.

हे पुस्तक कसं वाचावं

पुढची प्रकरणं इयत्तेच्या क्रमाने आहेत. प्रत्येक इयत्तेत काय शिकवतात, असाइनमेंट कशा असतात, रुब्रिक कसा वाचायचा आणि शिक्षकांना कोणते प्रश्न विचारायचे, ते उदाहरणांसह दिलं आहे. मूल ज्या इयत्तेत आहे ते प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. फक्त आपल्या राज्याची मानकं राज्याच्या शिक्षण विभागाकडून मागवून शेजारी ठेवा, कारण तपशील राज्यागणिक बदलतात.

मुलाचा अभ्यास आपण करून द्यावा, यासाठी हे पुस्तक नाही. तुमच्या इंग्रजी उच्चारांची किंवा व्याकरणाची भीड बाळगायचीही गरज नाही. मूल जी कादंबरी वाचत आहे ती तुम्हीही वाचा. मग त्याला मराठीत विचारा, “तुला काय वाटलं?” आणि लगेच, “कशावरून?” तुमचं मत वेगळं असेल तर तेही सांगा, तुमचा पुरावा दाखवा, आणि त्याचा पुरावा अधिक भक्कम निघाला तर मोकळेपणाने मान्य करा. पुराव्यानिशी विचार करण्याची सवय ज्या भाषेत लागेल तिथून ती दुसऱ्या भाषेत जाते. एवढं एक काम प्रत्येक मराठी घराने आठवड्यातून एकदा तरी करावं, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.